चौथा बोल्ट

५ मे

ती. ताईस,
नमस्कार.

तू माझ्याकडे पाठवलेली दाजींची मोटारसायकल तुझ्या सांगण्यावरून विकण्याचे काम मी अंगावर घेतले. त्याची सद्यःस्थिती कळवतो. ती समाधानकारक नाही.

गिऱ्हाईक मिळाले आहे. व्यवसायाने छायाचित्रकार, स्वभावाने उतावळा. त्याला मोटारसायकल हवी, साइडकार नको. "शेजारी बसवायला आपल्याकडे कुणी नाही," असे तो म्हणाला, आणि ते इतक्या समाधानाने म्हणाला की पुढे काही विचारणे मला प्रशस्त वाटले नाही. तेव्हा साइडकार सोडवणे भाग आहे. ती चार बोल्टांनी मोटारसायकलच्या सांगाड्याला जोडलेली आहे. दोन वर, दोन खाली. चारही जाम आहेत.

'जाम' हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. योग्य मापाचा पाना आणला. गंज सोडवण्याचे तेल आणले, डबीवर लिहिल्याप्रमाणे मारले, लिहिल्याप्रमाणे थांबलो, पुन्हा मारले. डबी संपली. बोल्ट होते तेथेच आहेत. फरक एवढाच की आता ते चकाकतात. त्याच हातांनी मी घरातल्या दारांच्या मुठीही तेलकट केल्याची हिची तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

मला राग बोल्टांचा नाही, दाजींचा येतो. ज्या गृहस्थाने उभी हयात लोकांचे दात विनासायास उपटले, त्याने स्वतःच्या गाडीचे बोल्ट मात्र ब्रह्मदेवालाही उपटता येऊ नयेत अशा बेताने बसवावेत, ही कोणती रीत? तुझी कंबर धरल्यापासून तुला मागच्या सीटवर बसवेना, म्हणून त्यांनी ही साइडकार स्वतःच्या हातांनी जोडली, हे मला ठाऊक आहे. हेतू उत्तम होता. परंतु उत्तम हेतूने बसवलेला बोल्टही कधीतरी काढावा लागतो, याचा विचार नको का करायला?

तेव्हा दाजींना एकच प्रश्न विचारून त्याचे उत्तर कळव: बोल्ट बसवताना त्यांवर काही लावले होते का, आणि लावले असल्यास काय? त्यांना बोलता येत नसले तरी मान हलवता येते, असा माझा समज आहे. हे फोनवरही विचारता आले असते. पण फोनवर तुला निम्मे ऐकू येते आणि उरलेले निम्मे तू पदरचे घालतेस. म्हणून लेखी.

तुझा,
भाऊ


१४ मे

चि. भाऊ,
आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, नोटीसच ती. यांनी तुझं नाव 'ताळेबंद' ठेवलं होतं ते उगाच नाही. आमच्या लग्नात फुलांच्या हारांचा हिशेब लागेना म्हणून तू जेवायला बसला नव्हतास, तेव्हापासूनचं ते नाव.

यांना विचार म्हणतोस. अरे, झटक्यानं उजवी बाजू गेली आणि त्याच्याबरोबर वाचाही गेली, हे तुला नव्यानं सांगायला हवं का? मान हलवतात, पण ती 'हो' म्हणून हलते की 'नाही' म्हणून, ते देव जाणे. चहा हवा का विचारलं तर 'नाही' म्हणून मान हलवतात आणि कप हातातून ओढून घेतात.

तरी तुझं मन राखायला पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. दात उपटण्याचं वाचलं तेव्हा तोंडाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला, पण मला हल्ली पुष्कळ काही वाटतं. मग तुझा तो प्रश्न वाचला, बोल्टांवर काय लावलं होतं म्हणून. तर एकदम म्हणाले, "लाल."

इतक्या महिन्यांत पहिला शब्द! माझ्या हातून पत्रच गळलं. म्हटलं, काय लाल? तर पुन्हा "लाल". आता दिवसभर तेच चालू आहे. दवाखान्यात गुळण्यांसाठी लाल औषध असायचं, आठवतं? मला वाटलं तेच मागताहेत. पेल्यात ओतून दिलं. तोंडात घेतलं आणि सगळं माझ्या अंगावर थुंकले. लेक म्हणाली, आई, बाबा लाल पांघरूण मागत असतील. तिनं कपाट उपसून ते काढलं, घातलं. यांनी चांगल्या पायानं ते असं भिरकावलं की दारापर्यंत गेलं. मग दोघींनी मिळून लाल रंगाचं घरात जे जे होतं ते दाखवलं. शेवटी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

तर हे असं आहे. तुझ्या बोल्टांचं उत्तर माझ्याकडे नाही. गाडीचं लवकर उरक बाबा. इथेही बरीच आवराआवर चालली आहे. का, ते विचारू नकोस.

ताई


२५ मे

ती. ताईस,
नमस्कार.

'का, ते विचारू नकोस' असे तू लिहिलेस, म्हणून विचारत नाही. मात्र तुझ्या पत्रात माझ्या प्रश्नाचे उत्तर सोडून बाकी सर्व असते, एवढी नोंद करून ठेवतो.

दाजींच्या 'लाल' या शब्दावर मी विचार केला. लोखंड गंजू नये म्हणून त्यावर आधी लाल रंगाचा हात देतात. दाजींनी बोल्टांवर तो रंग दिला असावा आणि त्यानेच ते धरले असावेत, असा निष्कर्ष मी काढला. रविवारचा पूर्ण दिवस तारेच्या ब्रशने मी बोल्टांभोवतीचा रंग खरवडला. काळ्या रंगाखाली करडा रंग निघाला, करड्याखाली लोखंड. लाल रंगाचा टिपूससुद्धा सापडला नाही. रंग सापडला तो माझ्या नाकपुड्यांत. तोही काळा होता.

मग मेकॅनिकला बोलावले. तो आला, बोल्टाकडे पाहून हसला, आणि "दोन मिनिटांचं काम" असे म्हणाला. या वाक्यावर मी आयुष्यात कधीही विश्वास ठेवलेला नाही, पण त्या दिवशी ठेवला. पान्याला त्याने कमरेइतका लांब पाइप जोडला, आणि आम्ही दोघे त्याला लोंबकळलो. पाना निसटला. मेकॅनिक साइडकारमध्ये पडला, मी भिंतीवर. माझ्या उजव्या हाताच्या बोटांची सालटी निघाली आहेत. अक्षर बिघडले आहे ते त्यामुळे. बोल्टाच्या डोक्याचे कोपरे झिजून ते गोल झाले, म्हणजे आता पाना धरण्याचीही सोय उरली नाही. धूळ झटकत मेकॅनिक म्हणाला, "साहेब, हा बोल्ट नाही, हा हट्ट आहे." कुणाचा, ते त्याला ठाऊक नव्हते.

आता तो ग्राइंडरने कापू म्हणतो. मला हे मान्य नाही. जे जोडले आहे ते सोडवता येते. कापणे म्हणजे आपल्याला समजले नाही याची कबुली देणे. पण छायाचित्रकार रोज फोन करतो, आणि ही मला "झालं का?" असे विचारत नाही, ते त्याहून वाईट आहे.

कृपया दाजींना पुन्हा विचार. लाल म्हणजे लाल काय? रंग? तेल? वॉशर? एकेक शब्द उच्चारून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहा. आवराआवरीविषयी मी विचारलेले नाही, हे लक्षात असू दे.

तुझा,
भाऊ


६ जून

भाऊ,

विचारलं नाहीस, पण दोनदा लिहिलंस. सांगते.

यांना शुश्रूषागृहात ठेवायचं ठरतंय. जागा चांगली आहे, खोलीला खिडकी आहे, माणसं बोलायला बरी आहेत. लेकीवर रागावू नकोस. ती नोकरी सांभाळून रात्रंदिवस उठबस करते. माझ्यानं आता यांना उचलवत नाही. परवा पलंगावरून सरकवताना आम्ही दोघं खाली बसलो, आणि ती येईपर्यंत तशीच बसून राहिलो. तरी मी ठेवलं असतं. पण मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं. घड्याळ दाखवलं, हे काय? "लाल." पेन दाखवलं. "लाल." माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, या कोण? "लाल."

बाहेर येऊन डॉक्टर म्हणाले, शब्द आहे पण अर्थ नाही. एखादी तबकडी अडकते तसा तो आवाज आहे. समोर कोण आहे, काय चाललंय, हे त्यांना कळत असेल असं धरून चालू नका, म्हणजे तुम्हालाच त्रास कमी होईल. लेक मला म्हणाली, "आई, बाबांना इथं काय नि तिथं काय, सारखंच. तुला तेवढा फरक पडेल."  

म्हणून गाडी विकायची आहे. यांचं सामान समोर असलं की मला वाटतं हे उठून मागतील. एवढंच.

तुझं पत्र वाचून दाखवलं, माझं डोकं फिरलं होतं म्हणून. रंग, तेल, वॉशर, सगळं म्हणून पाहिलं. लाल रंगासाठी खरवडल्याचं वाचलं तेव्हा चांगल्या हातानं पलंगाच्या कडेवर धाडकन मारलं. पाण्याचा पेला फुटला. मी पाइपचं वाचत होते, तर यांच्या डोळ्यांतून पाणी. तुला लागलं म्हणून असेल, की उगाच, काय सांगू? मीही तिथेच काचा वेचत रडले.

आता हे पुरे. मेलेल्या प्रश्नाला किती पाणी घालशील? काप तो बोल्ट आणि मोकळा हो. या महिनाअखेर आम्हाला शुश्रूषागृहाला हो किंवा नाही कळवायचं आहे. तोवर मला बोल्टांचं पत्र पाठवू नकोस.

ताई


१९ जून

ती. ताईस,
नमस्कार.

तुझी आज्ञा मोडून बोल्टांचे पत्र पाठवतो आहे. शेवटपर्यंत वाच.

तुझे पत्र आल्यावर माझा धीर सुटला आणि मी मेकॅनिकला कापायला सांगितले. पुढच्या खालच्या बोल्टाचे गोल झालेले डोके त्याने ग्राइंडरने उडवले आणि उरलेला दांडा मागून ठोकून, भोक पाडून, शिव्या देऊन कसाबसा बाहेर काढला. त्याला तो फेकून द्यायचा होता. मी मागून घेतला. महिनाभर ज्याने मला छळले, त्याचे तोंड तरी पाहावे, एवढाच उद्देश.

ताई, बोल्टाच्या आट्यांत गंज नव्हता. एक कणसुद्धा नाही. आट्यांत भरलेला होता एक कडक, ठिसूळ थर, लाखेसारखा. नखाने उकरला तर त्याची भुकटी झाली. रंग लाल.

तो तुकडा घेऊन मी हत्यारांच्या दुकानात गेलो. दुकानदाराने चष्माही लावला नाही. म्हणाला, "हे औषध आहे काका. बोल्ट हादऱ्यानं सुटू नये म्हणून आट्यांना लावतात. दोन जातीचं येतं. निळं लावलं तर पान्यानं सुटतं. लाल लावलं तर कायमचं."
"मी त्यावर एकामागून एक चार डब्या तेल ओतले," मी म्हणालो.
"मग काय, गाडीला आंघोळ झाली. तेल गंजाला. याला ताप द्यावा लागतो. चांगलं तापवलं की मऊ पडतं."

दुकानातून बाहेर पडल्यावर मी हिशेब मांडला. मी विचारले होते: बोल्टांवर काय लावले? दाजींनी सांगितले: लाल. याहून नेमके उत्तर मला माझ्या नोकरीत कोणत्याही शहाण्यासुरत्या माणसाने दिलेले नाही. आणि आपण त्यांना गुळण्या दिल्या, पांघरूण दिले, वॉशर विचारले. ते पलंगावर हात आपटणार नाहीत तर काय करतील?

परंतु मी हिशेबतपासनीस आहे. एक बरोबर उत्तर हा योगायोगही असू शकतो, असे डॉक्टर म्हणतील, आणि त्यांचे चूक म्हणता येणार नाही. जो माणूस घड्याळालाही लाल म्हणतो, तो बोल्टालाही म्हणणारच. म्हणून सोबत एक आकृती पाठवतो. तीत साइडकारचे चार बोल्ट दाखवले आहेत. ती दाजींसमोर धर. एकेका बोल्टावर बोट ठेव आणि फक्त एवढे विचार: "इथं काय लावलंय?" दुसरे काही सुचवायचे नाही. उत्तराला हवा तेवढा वेळ द्यायचा. जे कानावर पडेल ते, जसे पडेल तसे लिहून पाठवायचे, आणि कृपा करून पदरचे घालायचे नाही.

उरलेल्या तिहींवर काय लावले आहे ते मला ठाऊक नाही. तुझे उत्तर येईपर्यंत मी त्यांना हात लावणार नाही. गॅरेजला कुलूप लावले आहे. किल्ली हिच्याकडे दिली आहे, कारण माझा माझ्यावर भरवसा नाही.

महिनाअखेरीस घाई करू नकोस.

तुझा,
भाऊ


३० जून

चि. भाऊ,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना अक्षरं दिसेनात. गुळण्यांचा तो पेला डोळ्यांपुढून हलत नाही.

लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "मामाला बोल्टांचं वेड लागलंय, आणि तुला बाबांचं." पण समोर बसली. तिला खोटं पडायची फार इच्छा होती रे, चेहऱ्यावर दिसत होतं.

तू सांगितलंस तसंच केलं. उशीला टेकवून बसवलं. आकृती पुढ्यात धरली. ती पाहिल्यावर यांनी ती माझ्या हातून घेतली आणि उलटी केली. मी म्हटलं, संपलं. मग लेक म्हणाली, "आई, तूच उलटी धरली होतीस."

पुढचा खालचा. इथं काय लावलंय? "लाल." मागचा खालचा. "लाल." पुढचा वरचा. जरा थांबले, मग "लाल". मग मी मागच्या वरच्यावर बोट ठेवलं.

काहीच नाही.

तू म्हणालास म्हणून थांबले. कपाळाला घाम फुटला यांच्या. तोंड उघडून मिटत होते. मग "न… न…" असं काहीतरी. कागद माझ्याकडे ढकलला. पुन्हा "न… न…". मी म्हटलं, नको? बरं, नको. दमलात. कागद काढून घेतला. तर काय झालं कुणास ठाऊक, मनगट घट्ट धरलं माझं, वळ उठला, आणि मग सोडून भिंतीकडे वळले.

लेक उठून खिडकीशी गेली. म्हणाली, "तीनदा लाल, मग नको. मामाला कळव." आवाज कोरडा होता. मला तिच्यावर रागावता आलं नाही, कारण मलाही तेच दिसलं.

शुश्रूषागृहाचा फोन आला होता. पुढच्या सोमवारची तारीख दिली आहे. लेकीनं हो म्हटलं आहे. यांचे कपडे मी घडी करून बॅगेत भरले. हे बघत होते.

पदरचं काही घातलेलं नाही.

ताई


३ जुलै
(कुरिअरने)

ती. ताई,

नमस्कार नंतर. आधी हे.

तुझे पत्र आज सकाळी आले. ऑफिसला गेलो नाही. हिच्याकडून किल्ली घेतली.

तुला एक गोष्ट सांगायची राहिली होती. खरे तर माझ्याही ध्यानात नव्हती. पहिल्या पत्रात मी 'चारही जाम आहेत' असे लिहिले होते. मागचा वरचा बोल्ट मी कधी तपासलाच नव्हता. तो एका पत्र्याच्या झाकणाखाली आहे. तीन हलेनात, तेव्हा चौथाही हलणार नाही असे मी गृहीत धरले आणि तपासल्यासारखे लिहून मोकळा झालो. मीच. ज्याने आजवर न तपासलेल्या आकड्यावर सही केली नाही, त्याने.

झाकणाचे स्क्रू काढले. पाना बसवला. एका हाताने, पाइप न लावता, ताकद न लावता फिरवला. कट् असा आवाज आला आणि बोल्ट फिरला. पुढे तो बोटांनी निघाला. आटे पाहिले. निळे. स्वच्छ निळे, ताई. सोबत पुडीत त्याची भुकटी पाठवली आहे, डॉक्टरांना दाखव.

तो निळाच का, हेही पत्रा काढल्यावर कळले. साइडकार एका अंगाला ओढू लागली की तो बोल्ट सैल करून तिचा तोल जुळवावा लागतो. म्हणून तीन कायमचे, आणि एक सुटणारा. हे दाजींखेरीज जगात कोणालाही ठाऊक नव्हते. मला नव्हते, मेकॅनिकला नव्हते, तुला नव्हते. तेव्हा त्यांना ते कोणी सुचवले असणे शक्य नाही.

ते 'नको' म्हणत नव्हते. ते 'निळं' म्हणत होते.

'लाल' हा शब्द त्यांच्या हाती लागला आहे, 'निळं' लागत नाही. घड्याळाला 'लाल' म्हणाले तेव्हा ते बहुधा आपल्याला न कळलेले माझ्याच प्रश्नाचे उत्तर पुन्हा सांगत होते. चुकीचा शब्द तोंडात तयार असताना तो चुकीचा आहे म्हणून त्यांनी उच्चारला नाही. ज्याला समज नाही, तो हे करेल का? हा प्रश्न डॉक्टरांना याच शब्दांत विचार. आणि ते बॅग भरताना बघत होते, असे तू लिहिले आहेस. ते वाक्य पुन्हा वाच.

सोमवार रद्द कर. लेकीला म्हणावे, माणूस लागेल तो ठेवू. मी वर्षाची सगळी रजा साठवून ठेवलेली आहे, आणि ती कशासाठी साठवत होतो हे मला आजवर माहीत नव्हते.

उरलेले दोन लाल मी दुपारी काढले. पेट्रोलची टाकी आधी उतरवून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला ठेवली. महिनाभर ओतलेले तेल पुसून काढले; तरी गरम हवेची गन लावताच इतका धूर झाला की ही वाळूची बादली घेऊन उभी राहिली आणि माझ्याकडे अशी पाहत होती की बादली कशावर रिकामी करायची, याचा निर्णय झालेला नसावा. बोल्ट तापला, जळक्या प्लॅस्टिकसारखा वास आला. गरम असतानाच पाना लावला. करकर करत, पाव फेरा. अडला. पुन्हा ताप दिला. पुन्हा पाव फेरा. घाई केली की अडतो, थंड होऊ दिला की पुन्हा धरतो. संध्याकाळपर्यंत दोन्ही बाहेर आले. साइडकार मोकळी झाली, आणि छायाचित्रकाराचा फोन आला की त्याने दुसरी गाडी घेतली. मला त्याचे आभार मानावेसे वाटले.

आता दाजींना माझा दुसरा प्रश्न विचार. साइडकार परत बसवू का? बसवायची, तर कोणत्या बोल्टाला कोणते औषध? या वेळी लाल आणि निळी पेन्सिल समोर ठेव.

तुझा,
भाऊ


१२ जुलै

चि. भाऊ,
अनेक आशीर्वाद.

पुडी लेकीनंच उघडली. तळहातावर निळी भुकटी घेऊन किती वेळ बसली होती. मग तिनं शुश्रूषागृहाला फोन केला आणि आत जाऊन बॅगेतले कपडे एकेक करून कपाटात लावले. सगळं यांच्यासमोर, मुद्दाम हळूहळू. शेवटचा सदरा ठेवल्यावर म्हणाली, "बाबा, मी चुकले." हे म्हणाले, "लाल." ती रडता रडता हसली. म्हणाली, "हो, कळलं, लाल."

डॉक्टरांना तुझा प्रश्न शब्दाला शब्द वाचून दाखवला. त्यांनी पुडी उजेडात धरून पाहिली. म्हणाले, कळत नसेल असं म्हणालो होतो ते मागे घेतो; किती कळतं ते आता नीट पाहू. बोलणं शिकवणाऱ्या एक बाई येऊ लागल्या आहेत. त्यांनी पहिल्या दिवशी चित्रांची पानं आणली होती, फुलं, पक्षी. यांनी ती बाजूला सारली आणि उशीखाली हात घालून तुझी बोल्टांची आकृती काढली. आता शिकवणी त्याच्यावरच चालते.

पेन्सिली समोर ठेवल्या. साइडकार परत बसवायची का, असं विचारायच्या आतच यांनी लाल उचलली, डाव्या हातानं, आणि तिन्ही बोल्टांवर फुल्या मारल्या. मग लाल खाली ठेवली. निळी उचलली. चौथ्यावर फुली मारली आणि माझ्याकडे असं बघितलं, की परवाच्या मनगटाच्या वळाबद्दल मीच माफी मागावी. मागितली. तर बसव. जपून बसव. आणि त्या मेकॅनिकला पाइप घेऊन आत येऊ देऊ नकोस. हे शेवटचं मात्र माझं, यांचं नाही.

आणखी एक. काल तुझं पत्र यांना पुन्हा वाचून दाखवत होते. तू न तपासता 'चारही जाम' लिहिल्याचं आलं, तर यांचं पोट हलायला लागलं. आणि मग म्हणाले, "ता… ता…"

लेक उठून ताट आणायला धावली. मी तिला म्हटलं, थांब. आधी विचारू.

मी विचारलं, ताट? भुवई चढली. ताप आहे का? डोळे मिटून घेतले, म्हणजे मूर्ख आहेस. लेक हळूच म्हणाली, "ताई? आईला हाक मारताय?" मी म्हटलं, अगं, नवरा आहे माझा, तो मला ताई कशाला म्हणेल! यावर तर पलंगच हलला. मग माझ्या ध्यानात आलं. पत्र पुढे केलं, तुझ्या सहीवर बोट ठेवलं आणि म्हटलं, "ताळेबंद?"

काय हसले रे. अर्धंच तोंड हलतं, पण मला ओळखीचं हसू आहे ते.

तेव्हा रजा टाक आणि ये. येताना ते चार बोल्ट घेऊन ये, कापलेलासुद्धा. यांना ते हातात घेऊन बघायचे असतील असं मला वाटतं. पण राहू दे, माझं वाटणं आता पुरे झालं. विचारून कळवते.

तुझी,
ताई